डाव्या डोळ्यातील मूलपेशी आधी वाचवा

पत्र : माझ्या आईचे वय ६४ वर्षे आहे. गेली काही वर्षे तिचे दोन्ही डोळे लाल राहत, चुरचुरत आणि पापण्यांचे केस आत वळून टोचत. आधी ॲलर्जी, मग डोळ्यांचा कोरडेपणा असे निदान होत गेले. अखेर बायोप्सीनंतर ‘म्यूकस मेम्ब्रेन पेम्फिगॉइड’ हा ऑटोइम्यून, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा, आजार असल्याचे कळले. उजव्या बुबुळावर रक्तवाहिन्यांसह पांढुरका पडदा चढला आहे आणि त्या डोळ्याला आता फक्त हाताची हालचाल कळते. डाव्या डोळ्याने ती अजून वाचते, पण त्याच्याही कडेवरून तसाच पडदा सरकू लागला आहे. डॉक्टर म्हणतात, उजव्या डोळ्यातील स्टेम सेल नष्ट झाल्या आहेत, मात्र प्रत्यारोपण आत्ता नको. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मायकोफेनोलेटच्या गोळ्यांनी आधी आजार शांत होऊ द्या. माझे मामा स्वतःच्या डोळ्यातील पेशी द्यायला तयार आहेत. एका क्लिनिकने पोटावरील चरबीतून स्टेम सेल काढून त्या डोळ्याभोवती आणि शिरेतून देण्याची तयारी दाखवली आहे. त्याने आजार मुळापासून जातो, असा त्यांचा दावा आहे. नेत्रपेढीतून बुबुळ मिळवून बसवता येणार नाही का? आणि स्टेम सेल संपल्या हाच दोष असेल, तर त्या देण्यासाठी थांबायचे कशाला? — एक मुलगी

उत्तर :

तुमच्या आईंच्या डॉक्टरांनी थांबायला सांगितले ते योग्य आहे. तरीही तुमचा शेवटचा प्रश्न इतका सरळ आणि रास्त आहे की ‘डॉक्टरांवर विश्वास ठेवा’ एवढे सांगून त्याची बोळवण करणे बरोबर होणार नाही. मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, संपल्या असतील तर त्या देऊन टाकाव्यात, असे कोणालाही वाटेल. अडचण अशी की मूलपेशी संपणे हा आईंच्या आजाराचा परिणाम आहे. मूळ आजार वेगळा आहे, तो अजून चालू आहे आणि नव्याने आणून लावलेल्या पेशींनाही तो सोडणार नाही. शिवाय तुमच्या पत्राचा सगळा रोख उजव्या डोळ्याकडे आहे. मला अधिक काळजी डाव्या डोळ्याची वाटते, कारण आईंच्या स्वतःच्या जिवंत मूलपेशी आज तेथेच उरल्या आहेत.

बुबुळासमोरचा काचेसारखा पारदर्शक भाग म्हणजे पारपटल, ज्याला आपण सर्रास कॉर्निया म्हणतो. मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते आणि त्याच्या सर्वांत बाहेरच्या थरातील पेशी सतत झडत असतात. सुमारे ७ ते १० दिवसांत तो थर नवा होतो. या नव्या पेशी कोठून येतात, याचे उत्तर फार जुने नाही. १९७१ साली दाव्हांगर आणि एव्हेन्सेन या संशोधकांनी असे सुचवले की पारपटल आणि डोळ्याचा पांढरा भाग जेथे एकमेकांना मिळतात त्या वर्तुळाकार कडेवर, म्हणजे लिंबसवर, या पेशींचा उगम आहे आणि तेथून त्या मध्याकडे सरकत येतात. १९८९ मध्ये उंदरांच्या लिंबसमध्ये अतिशय संथपणे विभाजन पावणाऱ्या पेशी आढळल्या. संथ विभाजन हे मूलपेशींचे एक महत्त्वाचे लक्षण असल्याने त्या सूचनेला भक्कम आधार मिळाला. या मूलपेशी लिंबसच्या तळाशी, बारीक कंगोऱ्यांच्या आडोशाला, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंच्या शेजारी राहतात. पारपटलाला नव्या पेशी पुरवणे हे लिंबसचे एक काम, आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ पडद्याला, ज्याला कंजंक्टायव्हा म्हणतात, पारपटलावर चढू न देणे हे दुसरे. लिंबस निकामी झाला की दोन्ही कामे एकदम थांबतात. पृष्ठभागावरील जखमा भरेनाशा होतात आणि कंजंक्टायव्हाच्या पेशी आपल्या रक्तवाहिन्यांसह आत सरकतात. आईंच्या उजव्या डोळ्यावर चढलेला पांढुरका पडदा तो हाच.

पारपटलात रक्तवाहिन्या नसल्यामुळे त्याचा मध्यभाग प्रतिकारयंत्रणेच्या माऱ्यापासून बराचसा दूर राहतो. लिंबसचे तसे नाही. रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या तेथवर येऊन थांबतात, प्रतिकारपेशींची वर्दळही तेथे अधिक असते, आणि म्हणून ज्या आजारांत शरीर स्वतःवरच उलटते त्यांचा घाव पुष्कळदा याच कडेवर बसतो. ज्या रक्तपुरवठ्यावर मूलपेशी जगतात त्याच वाटेने हल्लाही येतो. संधिवाताच्या काही रुग्णांत पारपटलाच्या कडेला चंद्रकोरीच्या आकाराचा व्रण पडतो आणि तेथील ऊती वितळत जातात, त्याचे कारण हेच. तो व्रण अनेकदा शरीरभर चाललेल्या रक्तवाहिन्यांच्या दाहाची खूण असतो, त्यामुळे अशा रुग्णाच्या बाबतीत प्रश्न डोळ्यापुरता राहत नाही, जिवाचाही होतो. श्योग्रेन आजारात पहिला घाव अश्रुग्रंथींवर पडतो आणि कोरडेपणामुळे पारपटलाचा पृष्ठभाग हळूहळू खराब होतो. सगळ्या आजारांची वाट एक नसली, तरी दाह चालू असताना मूलपेशी टिकत नाहीत, एवढे या सर्वांना लागू आहे.

पेम्फिगॉइडमध्ये काय घडते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. आपल्या श्लेष्मल त्वचेचा, म्हणजे डोळा, तोंड, घसा यांच्या ओलसर अस्तराचा, वरचा थर खालच्या थराला काही प्रथिनांच्या साहाय्याने घट्ट धरून असतो. ‘बीपी १८०’ आणि ‘इंटेग्रिन बीटा ४’ ही त्यांपैकी दोन. या आजारात शरीर त्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करते. बायोप्सीच्या तुकड्यावर विशिष्ट प्रकाशमान रंगद्रव्ये टाकून जी रेषा शोधतात, ती या प्रतिपिंडांच्या साठ्याची रेषा असते. प्रतिपिंडांमागोमाग दाह येतो आणि दाहामागोमाग व्रणऊती, म्हणजे जखमेच्या वणासारखी आक्रसणारी ऊती. कंजंक्टायव्हा आक्रसते, पापणीच्या आतला कप्पा उथळ होतो, पापणी आणि डोळा यांच्यात चिकट पट्टे तयार होतात, अश्रूंच्या वाहिन्या बुजतात, श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशी घटतात आणि पापणीची कड आत वळून केस पारपटलावर घासू लागतात. म्हणजे लिंबसमधील मूलपेशींवर थेट दाहाचा मारा होतो, कोरडेपणाने त्यांचे पोषण तुटते आणि केसांच्या घर्षणाने त्यांची जागा खरवडली जाते. अशा डोळ्यात नव्या मूलपेशी लावणे म्हणजे छप्पर गळत असताना भिंती रंगवणे होय.

मूलपेशींच्या प्रत्यारोपणाच्या यशाचे जे आकडे जाहिरातींतून आणि बातम्यांतून समोर येतात, ते बहुतांशी भाजलेल्या डोळ्यांचे असतात, हे येथे आवर्जून सांगायला हवे. १९९७ साली इटलीतील ग्राझिएला पेलेग्रिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबसमधील पेशी प्रयोगशाळेत वाढवून दोन रुग्णांच्या डोळ्यांवर लावल्याचे प्रसिद्ध केले. २०१० साली त्याच पद्धतीचा ११२ रुग्णांवरील दीर्घकालीन अनुभव प्रसिद्ध झाला आणि त्यात ७६.६ टक्के डोळ्यांचा पारपटलाचा पृष्ठभाग कायमचा सुधारल्याचे दिसले. २०१५ साली युरोपात ‘होलोक्लार’ या नावाने या उपचाराला सशर्त मान्यता मिळाली. हैदराबादेतील वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्याहून सोपी पद्धत मांडली. तिच्यात निरोगी डोळ्याच्या लिंबसचा अगदी छोटा तुकडा घेऊन त्याचे बारीक कण गर्भावरणाच्या पातळ पडद्यावर पसरतात आणि प्रयोगशाळेची गरजच उरत नाही. ही सगळी कामगिरी मोठी आहे. परंतु रसायनाने किंवा आगीने भाजलेला डोळा आणि पेम्फिगॉइडने ग्रासलेला डोळा यांत मूलभूत फरक आहे. भाजणे ही एकदा घडून गेलेली घटना असते. दाह ओसरला की नव्या पेशींवर हल्ला करणारे कोणी नसते, आणि बहुधा दुसरा डोळा निरोगी असल्यामुळे पेशी रुग्णाच्या स्वतःच्याच मिळतात. होलोक्लारची मान्यताही भाजलेल्या डोळ्यांपुरतीच आहे. आईंच्या बाबतीत हल्ला चालू आहे आणि दोन्ही डोळे आजारी आहेत. म्हणून तो ७६.६ टक्क्यांचा आकडा कोणी तुमच्यासमोर ठेवला, तर ते रुग्ण कोण होते एवढेच त्यांना विचारा.

आता डाव्या डोळ्याकडे येतो. कडेवरून पडदा सरकू लागला आहे, पण आई अजून वाचतात, याचा अर्थ लिंबसचा काही भाग निकामी झाला असला तरी उरलेला भाग पारपटलाचा मध्य राखून आहे. मूलपेशींची अशी अंशतः झालेली हानी दाह आटोक्यात आणल्यावर काही प्रमाणात भरून निघू शकते, कारण सगळ्याच पेशी मेलेल्या नसतात; काही केवळ दाहामुळे आणि बिघडलेल्या परिसरामुळे काम करेनाशा झालेल्या असतात. तुमच्या आईंना मिळणाऱ्या गोळ्यांचे मोल येथे कळते. मायकोफेनोलेट हे मूलपेशींचे औषध म्हणून कोणी ओळखत नाही, पण आज डाव्या डोळ्यातील मूलपेशी वाचवण्याची ताकद त्यातच आहे. त्याचा परिणाम दिसायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. या काळात ‘काहीच फरक नाही’ म्हणून गोळ्या बंद करण्याचा मोह होतो आणि अनेक कुटुंबे तेथेच चुकतात. केवळ स्टिरॉइडच्या थेंबांवर हा आजार थांबत नाही, हेही ध्यानात असू द्या. थेंबांनी लाली कमी दिसते आणि आत व्रणऊती वाढतच राहते.

एका औषधाने भागले नाही तर दुसरे असते. सौम्य आजारात डॅप्सोन देतात, मात्र त्याआधी रक्तातील जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) तपासणी करावी लागते, कारण त्याची कमतरता असल्यास रक्तपेशी फुटतात. आजार झपाट्याने वाढत असेल तर सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटुक्सिमॅब यांचा विचार होतो; रिटुक्सिमॅबपूर्वी हिपॅटायटिस बी शरीरात दडून बसलेला नाही याची खात्री करून घेतात. यांपैकी काहीही निरुपद्रवी नाही. मायकोफेनोलेट चालू असताना रक्तपेशींची आणि यकृताची तपासणी नियमितपणे झाली पाहिजे, ताप आला तर तो अंगावर काढता कामा नये आणि कोणतीही लस घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारले पाहिजे, कारण जिवंत विषाणूंच्या लशी या काळात चालत नाहीत. ही औषधे देण्याचा अनुभव सहसा नेत्रतज्ज्ञांपेक्षा संधिवाततज्ज्ञांना किंवा त्वचारोगतज्ज्ञांना अधिक असतो. आईंवर दोघे मिळून उपचार करत नसतील, तर तशी विनंती अवश्य करा. त्यात आपल्या नेत्रतज्ज्ञांचा कोणताही अवमान नाही.

नेत्रपेढीतून मिळणाऱ्या बुबुळाविषयी, म्हणजे खरे तर पारपटलाविषयी, तुम्ही विचारले आहे. नेहमीच्या प्रत्यारोपणात दात्याच्या पारपटलाची मधली चकती बसवतात. मूलपेशी मध्यावर नसतात, कडेला असतात, त्यामुळे त्या चकतीबरोबर त्या येतच नाहीत. दात्याचा वरचा थर काही महिने टिकतो. तो झडला की त्याची जागा रुग्णाच्या स्वतःच्या लिंबसमधून येणाऱ्या पेशींनी घ्यायची असते, आणि आईंच्या उजव्या डोळ्यात त्या पेशी उरलेल्या नाहीत. मग पृष्ठभागावर न भरणारी जखम राहते, पुन्हा रक्तवाहिन्या चढतात आणि बसवलेले पारपटल गढुळते. असे प्रत्यारोपण करायचेच झाले तर ते मूलपेशींची व्यवस्था झाल्यानंतर करायचे असते. सक्रिय पेम्फिगॉइडमध्ये तर डोळ्यावरची कोणतीही शस्त्रक्रिया आजाराला चिथावणी देऊ शकते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सुचवली गेली तरी आजार शांत आहे का, हे आधी विचारा.

मामांची तयारी पाहून मन भरून येते, आणि सख्ख्या भावंडाचे ऊतिप्रकार (टिश्यू टाइप) जुळण्याची शक्यता इतर कोणाहीपेक्षा अधिक असते हेही खरे. जवळच्या नातेवाइकाच्या डोळ्यातील लिंबसचा भाग कंजंक्टायव्हासह घेऊन तो लावण्याची शस्त्रक्रिया अस्तित्वात आहे आणि अनुभवी हातांत ती यशस्वीही होते. पण तिच्याबरोबर येणाऱ्या दोन गोष्टी मामांना स्पष्टपणे सांगायला हव्यात. परक्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आईंना दीर्घकाळ घ्यावी लागतील. त्या सध्या घेत असलेल्या गोळ्यांमध्ये ही भर असेल. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आणि बहुधा न सांगितली जाणारी आहे. ऊतिप्रकार अगदी तंतोतंत जुळला तरी त्याने केवळ ‘परके’ म्हणून होणारा विरोध टळतो, ‘स्वतःचे’ म्हणून होणारा हल्ला टळत नाही. आईंची प्रतिपिंडे ज्या प्रथिनांना लक्ष्य करतात ती प्रथिने मामांच्या पेशींतही आहेत, तुमच्या पेशींत आहेत आणि या पृथ्वीवरील प्रत्येक दात्याच्या पेशींत आहेत. दाता बदलून हा प्रश्न सुटत नाही. तो सुटतो आजार आवरल्यावर. म्हणून असे प्रत्यारोपण करण्यापूर्वी पुष्कळ शल्यचिकित्सक डोळा निदान तीन ते सहा महिने सलग शांत राहण्याची वाट पाहतात, आणि पापण्यांची कड, आत वळलेले केस व कोरडेपणा यांचा बंदोबस्तही त्याआधीच करून घेतात. अश्रू नसलेल्या, कातडीसारख्या झालेल्या पृष्ठभागावर कोणाच्याही मूलपेशी जगत नाहीत.

दोन्ही डोळे आजारी असलेल्यांसाठी दुसरे मार्गही शोधले गेले आहेत. जपानमध्ये कोहजी निशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली चार रुग्णांच्या तोंडातील गालाच्या आतल्या त्वचेच्या पेशी वाढवून त्या त्यांच्याच पारपटलांवर लावल्या. पेशी स्वतःच्याच असल्यामुळे त्या नाकारल्या जाण्याची भीती राहत नाही, मात्र पुढे पारपटलाच्या कडेने रक्तवाहिन्या वाढण्याची प्रवृत्ती दिसते. तुमच्या आईंच्या आजारात एक आणखी अडचण आहे: पेम्फिगॉइड तोंडातही असू शकतो, आणि तेव्हा ज्या जागेतून पेशी घ्यायच्या तीच आजारी असते. निशिदा यांच्याच ओसाका विद्यापीठातील गटाने नंतर प्रौढ पेशींना प्रयोगशाळेत पुन्हा मूलावस्थेत नेऊन त्यांपासून पारपटलाच्या पेशींचे पापुद्रे तयार केले. २०१९ पासून चार रुग्णांवर हे पापुद्रे लावले गेले आणि त्याचे निष्कर्ष २०२४ च्या नोव्हेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या चौघांपैकी एकाला तुमच्या आईंचाच आजार होता. दोन वर्षांच्या निरीक्षणात गाठ होणे किंवा पेशी नाकारल्या जाणे असा गंभीर प्रकार आढळला नाही आणि चौघांच्याही पारपटलाची अवस्था सुधारली, मात्र दृष्टीतील सुधारणा सगळ्यांची सारखी नव्हती. ही बातमी आशा बाळगण्याजोगी आहे, निर्णय घेण्याजोगी मात्र अजून नाही. एका रुग्णाच्या अनुभवावरून तुमच्या आईंचे भाकीत करता येत नाही.

आता त्या क्लिनिकविषयी, आणि येथे मी स्पष्ट बोलणार आहे. चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून मिळणाऱ्या मेझेन्कायमल पेशी या लिंबसच्या मूलपेशींहून पूर्णपणे वेगळ्या आहेत. पारपटलाचा बाहेरचा थर पिढ्यान्‌पिढ्या तयार करत राहण्याचे काम त्या लिंबसच्या पेशींसारखे करतात, असे सिद्ध झालेले नाही. त्यांच्यात अभ्यासकांना रस आहे तो वेगळ्या कारणासाठी: त्या काही रासायनिक द्रव्ये सोडतात आणि त्यामुळे प्रतिकारपेशींचा आवेश कमी होतो. प्राण्यांवरील प्रयोगांत याचे चांगले परिणाम दिसले आहेत. माणसांवरही, विशेषतः श्योग्रेन आजारात अश्रुग्रंथीत या पेशी देऊन, छोटे पण शिस्तबद्ध अभ्यास झाले आहेत. म्हणजे कल्पना भाकड नाही. परंतु पेम्फिगॉइडमध्ये त्याने आजार ‘मुळापासून जातो’ असे म्हणायला कोणताही पुरावा नाही. शिरेतून दिलेल्या या पेशींपैकी बहुसंख्य फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्यांतच अडकतात, हे जाहिरातीत सहसा लिहिलेले नसते.

चूक झाली तर काय होते, याचेही उदाहरण उपलब्ध आहे. २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतील तीन वृद्ध महिलांची हकिगत प्रसिद्ध झाली. दृष्टिपटलाच्या (रेटिनाच्या) वार्धक्यजन्य आजारासाठी त्यांच्याच चरबीतून काढलेल्या ‘मूलपेशी’ दोन्ही डोळ्यांच्या आत एकाच दिवशी टोचण्यात आल्या. रक्तस्राव आणि दृष्टिपटल सुटणे अशा गुंतागुंतींमुळे तिघींची दृष्टी अतिशय खालावली. त्यांनी या उपचारासाठी स्वतः पैसे भरले होते. खऱ्या वैद्यकीय चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत, दोन्ही डोळ्यांवर एकाच दिवशी प्रयोग करत नाहीत आणि ‘मुळापासून’ हा शब्द संमतिपत्रात लिहीत नाहीत. तुम्हाला भेटलेल्या क्लिनिकने चाचणीचा नोंदणी क्रमांक, नीतिविषयक समितीची मान्यता आणि पेम्फिगॉइडच्या रुग्णांचे प्रसिद्ध झालेले निष्कर्ष दाखवले, तर ते कागद आईंच्या डॉक्टरांकडे न्या. दाखवले नाहीत, तर तो विषय तेथेच संपवा.

‘प्रतिकारशक्ती नव्याने सुरू करतो’ अशी भाषाही तुमच्या कानावर येईल. तिच्या मागे एक खरा उपचार आहे. तीव्र औषधांनी रुग्णाची प्रतिकारयंत्रणा जवळजवळ पुसून टाकायची आणि आधी साठवलेल्या त्याच्याच रक्तनिर्मितीच्या मूलपेशी परत द्यायच्या, हा उपचार त्वचा आणि अवयव कठीण करणाऱ्या सिस्टेमिक स्क्लेरोसिससारख्या गंभीर आजारांत केला जातो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत हा उपचार ठरवून दिलेल्या ७९ रुग्णांपैकी ८ जण पहिल्या वर्षात उपचारामुळेच दगावले, तरीही दीर्घ मुदतीत तो गट अधिक जगला, एवढा तो मूळ आजार घातक असतो. ज्या डोळ्याच्या आजारावर गोळ्या आणि इंजेक्शने उपलब्ध आहेत त्यासाठी एवढी जोखीम घेणे समर्थनीय नाही. चरबीच्या पेशी शिरेतून दिल्याने तसली कोणतीही ‘नवी सुरुवात’ होत नाही, हे वेगळे सांगायला नको.

उजव्या डोळ्यासाठी दरम्यान काहीच करता येत नाही, असे समजू नका. आत वळलेले केस घासत असतील तर त्यांची तातडीने दखल घेतली पाहिजे. ते घरी उपटू नका, कारण अर्धवट तुटलेला केस अधिक टोचतो. थेंब परिरक्षकविरहित (प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले) असावेत, कारण बाटलीतील बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखी परिरक्षके आधीच दुबळ्या झालेल्या पेशींना इजा करतात. रुग्णाच्याच रक्तातील सीरमपासून बनवलेल्या थेंबांचा आणि पारपटलाला न टेकता त्यावर द्रवाचा थर धरून ठेवणाऱ्या स्क्लेरल लेन्सचा उपयोग पुष्कळांना होतो; डाव्या डोळ्यासाठी तर या लेन्सबद्दल आवर्जून विचारा, मात्र पापणीचा आतला कप्पा फार उथळ झाला असेल तर ती बसत नाही, म्हणून उशीर करू नये. कृत्रिम पारपटल हा शेवटचा पर्याय असतो. पेम्फिगॉइडमध्ये त्याचे निकाल इतर आजारांपेक्षा कमी समाधानकारक असतात, त्यामुळे एका डोळ्याने वाचता येत असताना त्या वाटेला जाण्याची घाई मी तरी करणार नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. पापणीच्या आतल्या कप्प्याची खोली मोजून नोंदवली जाते का, कारण या आजारात डोळा लाल दिसत नसतानाही व्रणऊती वाढत राहू शकते आणि मोजमापाखेरीज ते कळत नाही. डाव्या डोळ्यातील लिंबसचा किती भाग शाबूत आहे आणि तो छायाचित्रांवर नोंदवून ठेवला आहे का. आणि मायकोफेनोलेटचा परिणाम तीन महिन्यांत दिसला नाही, तर पुढची पायरी कोणती असेल. घसा आणि अन्ननलिका यांचीही तपासणी करून घ्या. आईंचा आवाज घोगरा होऊ लागला, गिळताना अडकू लागले किंवा श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर तो याच आजाराचा प्रसार असू शकतो आणि स्वरयंत्राशी झालेली व्रणऊती जिवावर बेतते.

मामांना सांगा की त्यांच्या रक्ताचा ऊतिप्रकार आत्ता तपासून ठेवायला हरकत नाही आणि त्यांनी स्वतःच्या डोळ्यांची तपासणीही करून घ्यावी, कारण ज्याला काचबिंदू आहे किंवा ज्याचे डोळे स्वतःच कोरडे आहेत त्याच्याकडून लिंबस घेत नाहीत. शस्त्रक्रियेची तारीख मात्र आईंचा डोळा किती महिने शांत राहिला, यावर ठरेल. तोवर डाव्या डोळ्यात अचानक वेदना, प्रकाश सहन न होणे, दृष्टी एकदम धूसर होणे किंवा पारपटलावर पांढरा ठिपका दिसणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना पारपटलाचा जंतुसंसर्ग फार वेगाने पसरतो.